डावी पापणी

टिडके कॉलनीत, लाभूबेनच्या जिन्याखाली
ताडपत्रीत अकरा वर्षं उभी होती ती.
टोयोटा सेलिका, सत्त्याऐंशीची,
किसुमूहून बोटीनं आलेली घरसामानात,
शिलाई मशीन आणि लोणच्याच्या बरण्यांसोबत.
टायर चारही बसलेले.
बॉनेटवर मांजराच्या अंगाएवढी
धूळ नसलेली जागा.

सोबत नेलेली बॅटरी जोडली. इंजिन गप्प.
दिव्याचं बटण दाबलं,
तर उजवी पापणी उघडली
कुरकुरत, उपकार केल्यासारखी.
डावी मिटलेलीच.
भाव मी घरून ठरवून गेले होते.
दुसराच देऊन आले.

आई म्हणाली, एवढ्यात नवी आली असती,
वॉरंटीसकट.
आली असती.

मी अंबडला, क्वालिटीत. आठ तास मायक्रोमीटर,
दुसऱ्यांचे दोन मायक्रॉन नापास करायचे.
रविवारी मात्र पपया नर्सरीच्या मागे, युनूस अत्तारच्या शेडमध्ये
माझ्या हातांना कोणी नापास करत नसे.
नटबोल्ट आम्ही द्राक्षांच्या पनेटमध्ये ठेवले,
एक्सपोर्टच्या, भोकांच्या, झाकणावर मार्करनं लिहून:
‘पुढचं डावं’, ‘पुढचं उजवं’,
आणि एकावर, युनूसच्या अक्षरात, ‘कुठलं माहीत नाही’.
ते पनेट भरतच गेलं.

एक्झॉस्ट केला पोपट गांगुर्डेनं,
जो वायनरीच्या टाक्या वेल्ड करतो.
आतून बोट फिरव, म्हणाला,
वाइनला खरखर चालत नाही,
हिला का म्हणून चालावी?
स्प्रिंगा दोन बोटं खाली घेतल्या.
गंज खरवडला, तर खाली लाल माती निघाली,
आपल्याकडची नव्हे. ती फेकवेना.

पापणीच्या मोटरीत नायलॉनचं चाक, दात चाटून गेलेले.
ओसाकाहून मागवायचं तर माझा अर्धा पगार.
खैरनारतात्यांनी पितळेचं कापलं, रिटायर झाल्यावर, घरच्या मशिनवर.
मी मोजलं. सवयच ती.
काढायला खोट नव्हती.

क्लचच्या पेडलवर एक सागाचा ठोकळा होता,
दोन पितळी स्क्रूंनी बसवलेला,
टाचेनं नव्हे, चवड्यानं गुळगुळीत झालेला.
बेचाळीस मिलिमीटर.
कोणाचा तरी जुगाड, युनूस म्हणाला, काढतो.
स्क्रूड्रायव्हर सापडेना. राहिलं.

पहिल्यांदा रस्त्यावर काढली ती थेट टिडके कॉलनीत.
लाभूबेन जिना उतरल्या, दर पायरीला थांबत,
आणि न विचारता ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.
चप्पल बाहेर काढून ठेवली, देवघरात जाताना काढतात तशी.
पाय खाली न बघताच ठोकळ्यावर गेला.
‘कागदावर ह्यांची. चालवायची मी.
ह्यांना आरसे कळायचे नाहीत.
माझा पाय पुरेना, तर वखारीतनं
हा तुकडा आणला, रात्रीतून बसवला.’
गाडी बंद. हात मात्र
पहिला, दुसरा, तिसरा टाकत गेला,
चौथ्याला किंचित थबकला, तिथं बहुधा चढ असावा.

मग त्यांनी दिव्याचं बटण दाबलं.
दोन्ही पापण्या एकदम वर.
लाभूबेन दचकल्या.
‘ही उघडते?
किसुमूतच मिटली होती. पोरं म्हणायची,
आई, गाडी डोळा मारतेय.’
हसल्या. पुन्हा दाबलं. पुन्हा दोन्ही.
मग जरा वेळ नुसत्याच बसल्या.

आता पहाटे त्र्यंबक रोडला
अंजनेरीच्या अलीकडे रस्ता रिकामा असतो, तेव्हा
सहा हजारांच्या पुढे गांगुर्डेची नळी
एका स्वच्छ सुरात बोलते.
मी पाच फूट आठ. सीट पार मागे,
तरी दर गिअरला गुडघा स्टिअरिंगला लागतो.
युनूस सर्व्हिसिंगला विचारतो, ताई, काढू आता?
स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातच असतो.

ते झिजकं नायलॉनचं चाक
‘कुठलं माहीत नाही’मध्ये आहे.
परवा उगाच बसवून पाहिलं,
पाच मिनिटं,
शेडमध्ये, दिवे लावून.